घर कोणतं म्हणालात?

महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत पाच मिनिटं उभं राहिलं की बापू भेटतात. बापूच असतील असं नाही. नाना असतील, आबा असतील, एखादे वेळी काकीही असतील. पण माणूस तोच. पांढरा सदरा, खाली पायजमा, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी आणि नजर तुमच्या तोंडावर. त्या बघण्यात उद्धटपणा नसतो. कुणाच्या तरी बाराव्याला पाहिलेलं नाक आत्ता या चेहऱ्यावर कसं आलं, याचा तपास चाललेला असतो.

"पाव्हणे, कुठं?"

"पोलादपूर."

"पोलादपुरात कुठं?"

इथे नवखा माणूस आपलं काम सांगायला लागतो. बँकेत ऑडिट आहे, शाळेत इन्स्पेक्शन आहे, साइट बघायला चाललोय. बापू ते ऐकून घेतात. काम त्यांनी विचारलेलंच नसतं. माणूस बोलून दमला की मूळ प्रश्न पुन्हा येतो, "नाय, ते असू दे. गाव कोणतं?"

आडनावाने इथे काम भागत नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दगड भिरकावला तर तो मोऱ्यांना, जाधवांना नाहीतर कदमांना लागणार. म्हणून आडनाव ही नुसती सुरुवात. मग गाव, गावात वाडी, वाडीत आळी, आळीत घर, घरात थोरल्याचे की धाकट्याचे. मग आजोळ, मग सासुरवाडी. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर तळाला बहुतेक वेळा एक म्हैस असते. "म्हंजे ती मोडक्या शिंगाची म्हैस होती, ते घर?" समोरचा मुंबईत वाढलेल्या तिसऱ्या पिढीचा असतो, त्याने म्हैस बघितलेली असते ती तबेल्याच्या भिंतीवर रंगवलेली. तरी तो सुटका म्हणून "हो" म्हणतो. बापूंचा चेहरा उजळतो. "मग असं सांगा की!" आणि इतका वेळ ऑडिटर असलेला तो इसम माणसात येतो.

पुढचे अठरा-वीस किलोमीटर त्याला त्याच्या खापरपणजोबांनी बांधावरून कुणाशी भांडण केलं होतं ते ऐकावं लागतं. त्याच्या घरात हे कुणालाच ठाऊक नसतं.

आमच्या बापूंबद्दल (म्हणजे ज्यांना मी जवळून पाहिलं, त्या बापूंबद्दल) मला पडलेला प्रश्न असा, की दिसेल त्या मोठ्या माणसाला हे गृहस्थ जी पट्टी लावतात, ती मुळात तयार कशी झाली? कारण पट्टीवर खुणा आहेत आणि त्या पक्क्या आहेत. पंचविशीपर्यंत तुम्ही अमक्याचा पोरगा. नोकरी लागली की 'कंपनीत असतो तो'. लग्न झालं की बिरवाडीचा जावई, नाहीतर विन्हेऱ्याचा. चाळिशीच्या आसपास काही वर्षं स्वतःच्या नावाने ओळखले जायची संधी असते, पण ती फारच थोड्यांना साधते. तेवढ्यात मुलगी नर्सिंगला लागते आणि तुम्ही 'त्या सिस्टरचे वडील' होता. साठीनंतर 'माजी'. माजी सरपंच, माजी संचालक, माजी मुख्याध्यापक. शिवाजी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या दोन रांगा याच मंडळींच्या असतात. ज्याला माजी व्हायलाही काही नसतं, त्याच्या नावाआधी 'ज्येष्ठ' लावतात. सत्तरीनंतर 'ते बघ, ते काठीवाले'.

ही सगळी प्रगती नोंदवणारं एक पुस्तक आहे. गावच्या मुंबई मंडळाची वर्गणीची वही. ती बापूंनी खूप वर्षं सांभाळली. लाल पुठ्ठा, कोपरे उसवलेले, आत घरटी पानं. पोरगा कमवायला लागला की त्याचं नाव बापाच्या नावाखाली आत सरकवून लिहायचं आणि अर्धी वर्गणी लावायची. लग्न झालं की त्याला स्वतःची ओळ आणि पुरी वर्गणी. वहीत ओळ मिळाली की तुम्ही मोठे झालात. मताचा अधिकार, पॅन कार्ड, गाडीचं लायसन हे सगळं गावकीच्या दृष्टीने पोरखेळ.

एका शिमग्याला देवळात बैठक चालली होती. पुण्यात आयटीत असलेला, चाळिशी गाठलेला, बिनलग्नाचा एक गडी उठला. स्वतःचा फ्लॅट, स्वतःचं कर्ज, हाताखाली तीस माणसं, आणि वहीत अजून बापाच्या खाली, आत सरकवलेला. त्याने सरळ विचारलं, "मी पुरी वर्गणी द्यायला तयार आहे, दुप्पट देतो, माझी ओळ वेगळी करा." बापूंनी चष्मा कपाळावर चढवला. "चूल वेगळी हाय?" "बापू, माझा पगार विचारा." "पगार नाय विचारला. चूल विचारली." तो म्हणाला इंडक्शन आहे. बैठक बराच वेळ हसत होती. ओळ काही मिळाली नाही. मला त्या दिवशी त्या गड्याची दया आली आणि बापूंचा थोडा रागही. बायकांना तर त्या वहीत ओळच नव्हती, हे त्या हसण्यात माझ्याही ध्यानात आलं नाही.

बापूंचं स्वतःचं काय? जन्म कुलाबा जिल्ह्यातला. १ जानेवारी १९८१ ला जिल्ह्याचं नाव रायगड झालं. बापू जागचे हलले नाहीत, तरी जिल्हा बदलला. घरासमोरचा हमरस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ होता, तो पुढे ६६ झाला. खड्डे जुन्याच क्रमांकाचे राहिले. अठराव्या वर्षी वडलांनी मुंबईला नेऊन लालबागेत गावच्या खोलीवर ठेवलं आणि एका गिरणीत बदलीवर लावलं. ज्यांना गिरणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बदली कामगार म्हणजे रोज पाळीच्या वेळी फाटकावर कार्ड घेऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा झाला तर त्याच्या जागी आत जायचं, नाही झाला तर खोलीवर परत. बापूंनी अशी दहा-अकरा वर्षं काढली. कधी सांचाखात्यात, कधी वाइंडिंगला, कधी थ्रॉसलला. रोज दुसऱ्याच्या जागी. गावात मात्र ते 'गिरणीत पर्मनंट' होते, कारण मुलगी त्याशिवाय कोण देणार? मुलगी नात्याची मिळाली. नाते हे रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख तिथेच जन्मले. त्यामुळे "एके काळी नोटेवर सही आमच्या सासुरवाडीची असायची," हे वाक्य बापूंना लग्नात आंदण मिळालेलं आहे आणि ते त्यांनी पुरवून वापरलेलं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. बापू चार महिन्यांसाठी म्हणून गावाला आले ते आलेच. काही वर्षं भात, नाचणी आणि लोकांच्या बांधकामावर रोज. मग बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत हेल्पर, पुढे ऑपरेटर. तिथून निवृत्त. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला दिला की लहानशी पेन्शन चालू राहते. "गेल्या साली जिवंत होतो ते यांना पटलंय," बापू म्हणतात, "यंदाचं सांगायला चाललोय." गिरणी कामगारांच्या घरासाठीही अर्ज केलेला आहे. त्यासाठी १९८२ साली आपण गिरणीच्या पटावर होतो हे दाखवावं लागतं. बदली कार्ड बापूंनी प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्यामागे ठेवलंय. दुसऱ्यांच्या जागी काम केल्याचा तो एकच पुरावा त्यांच्या स्वतःच्या नावाचा आहे. सोडतीत नंबर अजून लागलेला नाही.

तर अशा बापूंकडे मी माझ्या भाचीला घेऊन गेलो. ती पुण्याला मानसशास्त्रात एम.ए. करते. मोठ्या वयात माणसाची स्वतःबद्दलची ओळख कशी घडते आणि ती मोजतात कशी, असा तिचा विषय. तिला खेड्यातला एक वयस्क माणूस हवा होता. मी म्हटलं, मोजायला माणूस देतो, पण तो आधी तुला मोजेल. तसंच झालं. चहा येईपर्यंत बापूंनी तिचं आजोळ, म्हणजे माझंच घर, तीन पिढ्या मागे नेऊन पोलादपुरात कवींद्र परमानंदांच्या समाधीजवळ कुठेतरी टेकवलं. आम्ही तिथले नाही. पण बापूंनी इतक्या मायेने नेलं की मी बोललो नाही.

भाचीने पहिला कागद काढला. वीस रिकाम्या ओळी. कुन आणि मॅकपार्टलंड या अमेरिकन संशोधकांनी १९५४ साली आयोवात काढलेली चाचणी. 'मी कोण?' या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची, सुचतील तशी, बारा मिनिटांत.

"हे विचारतंय कोण?" बापूंनी पहिलीच अडचण काढली.

"कोणी नाही आजोबा. स्वतःला सांगतोय असं समजून लिहायचं."

"स्वतःला कशाला सांगायचं? स्वतःला ठाऊक असतं. विचारणारा परका असला तर एक उत्तर, जवळचा असला तर दुसरं. तलाठी असला तर तिसरं."

शेवटी 'विचारणारी मी' असं ती म्हणाल्यावर बापू लिहायला बसले. गावाचं नाव. मधली आळी. थोरल्या घरातला धाकटा. नात्याचा जावई. माजी गिरणी कामगार. माजी कंपनी कामगार. देवस्थानचा माजी पंच. वहीवाला. डोंबिवलीच्या मुलाचा बाप. पालखीचा खांदेकरी, कंसात 'अजून'. भजनात टाळ. साखरेचा पेशंट. सतरापर्यंत हात भरभर चालला आणि मग थांबला. तीन ओळी राहिल्या.

"स्वभाव लिहिलात तरी चालेल," भाची म्हणाली.

"स्वभाव दुसऱ्याने सांगायचा असतो, बाय. आपला आपण सांगितला की वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मासारखं होतं. मनमिळाऊ, निर्व्यसनी."

आतून काकींचा आवाज आला, "हट्टी लिहा."

बापूंनी ऐकलं नाही असं दाखवलं. काकी ओल्या हाताने बाहेर आल्या. "लिहा म्हणते ना. अठरावा, हट्टी. एकोणिसावा, दुसऱ्यांच्या घरात फार डोकं. विसावा मी सांगणार नाय."

परतताना गाडीत भाची मला सांगत होती की उत्तरांचे दोन ढीग करतात. एक, ज्याला स्पष्टीकरण लागत नाही: विद्यार्थी, नवरा, अमक्या धर्माचा. दुसरा, ज्याला 'म्हणजे किती?' असं विचारावं लागतं: आनंदी, कंटाळलेला, चांगली बायको. बापूंची सतरा उत्तरं जवळजवळ सगळी पहिल्या ढिगातली. मला वाटलं, बघा, आपली खेडवळ माणसं, 'मी' म्हणून काही नाहीच. तर ती म्हणाली, आयोवाच्या कॉलेजातली तेव्हाची पोरंही आधी पहिल्या ढिगातली उत्तरं संपवत होती, मगच मनातलं लिहीत होती. आपल्या मधल्या आळीशी आयोवाचं इतकं जमेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याच बैठकीतला दुसरा प्रकार मुलाखतीचा. जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली कॉलेजच्या मुलांवर केलेला. व्यवसाय, धर्म, राजकारण यांबद्दल खोदून विचारायचं आणि माणसाला चारांपैकी एका खणात घालायचं: शोधून ठरवलेला, शोध चालू असलेला, न शोधता ठरवलेला, आणि न शोधलेला न ठरवलेला. यातला एक प्रश्न असा असतो की याहून बरं काही चालून आलं तर आत्ताचं सोडायला तुम्ही कितपत तयार असाल? भाचीने तो विचारला. बापू विचारात पडले. मग म्हणाले, "आलं कुठे?"

पण चार खण त्यांना बेहद्द आवडले. त्यांनी लगेच गाव खणांत भरायला घेतलं. न शोधता ठरवलेले म्हणजे अर्धी आळी, बापाचं किराणा दुकान चालवणारे सगळे. शोध चालू, तो पुण्याचा इंडक्शनवाला. चौथ्या खणाला त्यांनी ग्रामपंचायतीचं आख्खं बोर्ड दिलं. "आणि मी?" त्यांनी विचारलं. भाची अडखळली. वडलांनी गिरणीत घातलं म्हणजे तिसरा खण. पण मग संप, मग शेती, मग चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे नवं काम शिकणं? ती म्हणाली, मोठ्या वयात माणसं एकदा ठरवून मोकळी होत नाहीत. ठरवलेलं मोडतं, पुन्हा शोध, पुन्हा ठरवणं, असे फेरे होतात. इंग्रजीत त्या फेऱ्यांच्या आद्याक्षरांचा शब्द 'मामा' असा होतो. मानसशास्त्राची पुस्तकं त्याला खरोखरच मामा-चक्र म्हणतात.

बापू उजळले. "बघ! शेवटी नातं निघालंच."

या साऱ्या विचाराच्या मुळाशी कोण, तर एरिक एरिक्सन. भाचीने हे नाव घेण्याची चूक केली.

"कुणाचा हा?"

आणि मग बापूंच्या उभ्या आयुष्यात न आलेला प्रसंग आला. एरिक्सन जन्मला १९०२ साली जर्मनीत, फ्रँकफुर्टला. आई डॅनिश. बाप कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. वाढला सावत्र बापाच्या, म्हणजे होम्बर्गर या आडनावावर. १९३९ साली अमेरिकेचा नागरिक झाला तेव्हा त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. एरिकचा मुलगा, म्हणजे आपलाच मुलगा. जगाला 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द दिला तो या माणसाने.

बापू बराच वेळ गप्प. गाव नाही, बापाचं घर नाही, आडनाव स्वतःचं स्वतः लावलेलं. मग हळूच म्हणाले, "आजोळ?"

"कोपनहेगन."

"मग आजोळच्या बाजूने निघेल." थोडं थांबून म्हणाले, "बिचाऱ्याच्या घरात नव्हतं, म्हणून शोधत बसला."

हे सगळं गमतीचं. पण बापूंच्या शास्त्राची एक बाजू गमतीची नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर महाडात राहून डोळे मिटल्यासारखं होईल. कोकणात वाडी विचारणं म्हणजे पुष्कळदा जात विचारणं. तोंडाने नाव घ्यावं लागत नाही, वाडी सांगितली की कळतं. एकदा गाडीत बापूंच्या शेजारी एक तरुण इंजिनिअर बसला. आडनाव मोरे. बापू सरसावले, कारण मोरे म्हटलं की जावळी, चंद्रराव, १६५६ पर्यंत सरळ रस्ता. "कुठले मोरे?" तो म्हणाला, "महाडचेच." "महाडात कुठं? वाडी?" त्या मुलाने कानातला हेडफोन काढला, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "चवदार तळं ठाऊक आहे ना? तिथून मोजा. आमच्या आजोबांचे वडील २० मार्चला तिथे होते."

१९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने त्याला धरून तळं सर्वांना खुलं केलं, ते कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्या माणसांना मार पडला, आणि तळ्याचं शुद्धीकरण झालं. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तळ्यावर माणसाला अडवणारा प्रश्न आणि बापूंचा एसटीतला प्रश्न यांत शब्दांचा फारसा फरक नाही. बापूंच्या मनात तसं काही नव्हतं असं म्हणून मला त्यांना सोडवता येईल, आणि ते खरंही असेल. पण विचारलं जाणाऱ्याला मनातलं दिसत नसतं, त्याला प्रश्न ऐकू येतो. बापू पोलादपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. ते बदलले का? थोडे. परक्याला आता 'वाडी कोणती' विचारत नाहीत. 'कुठल्या बाजूला राहता' विचारतात. मी एकदा टोकलं, हे तेच झालं. तर म्हणाले, "जीभ जुनी हाय." दरवर्षी २० मार्चला महाडात राज्यभरातून लाखो माणसं येतात, कुणालाही कुठून आलात विचारा, आधी 'जय भीम' येतो. त्या दिवशी बापू स्टँडवर येत नाहीत.

याच्या उलट २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या आणि महाड बुडालं. पाणी उतरल्यावर बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. दाखले, सातबारा, रेशनकार्डं, बँकेची पुस्तकं, सगळ्याचा लगदा. पंचनाम्याला आलेल्या माणसांत बाहेरगावचे बरेच. त्यांनी कागद मागितला तर लोक चिखलाकडे बोट दाखवत. बापू मुलीच्या सासरी घर धुवायला आले होते. ते त्या गल्लीच्या तोंडाशी उलट्या बादलीवर बसले आणि सांगत सुटले, हे घर कुणाचं, भाडेकरू कोण, माडीवर म्हातारी एकटी राहते तिचं नाव काय, दुकान भावाच्या नावावर पण चालवतो हा. लिहिणारा लिहीत होता. आयुष्यभर ज्या चौकशीला लोक वैतागले, तिच्यावर त्या आठवड्यात सह्या झाल्या. तळियेचं नाव मात्र बापूंसमोर काढायचं नाही. त्या गावावर दरड त्याच दिवशी कोसळली. तिथलं घर न् घर त्यांना ठाऊक होतं.

आणि या माणसाला रेशन दुकानातल्या यंत्राने ओळखलं नाही. ई-केवायसी करायची होती. बापूंनी अंगठा ठेवला. नाही. पुसून ठेवला. नाही. गिरणीतल्या सुताने आणि कंपनीतल्या केमिकलने बोटांवरच्या रेघा कधीच पुसून टाकलेल्या. दहाही बोटं झाली.

"अरे, तुझ्या आजोबाला मी ओळखतो," बापू दुकानदाराला म्हणाले.

"बापू, मी तुम्हाला ओळखतो. हे ओळखत नाय."

रांगेतून सूचना आल्या. खोबरेल लावा, सॅनिटायझर लावा, पीठ लावा. अखेर दुकानदाराच्या पोराने मोबाईलवर ॲप काढलं. आधार क्रमांक टाकला, ओटीपी गेला. कुठे गेला? आधारला नंबर जोडलाय डोंबिवलीच्या मुलाचा. म्हणजे मधल्या आळीतले बापू ते बापूच, हे डोंबिवलीहून कळल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. मुलगा लोकलमध्ये होता, रेंज ठाण्याला आली. त्याने सहा आकडे ओरडून सांगितले, ते इथल्या रांगेसह तिथल्या डब्यालाही कळले असणार. मग पोराने मोबाईल बापूंच्या तोंडासमोर धरला.

"बापू, डोळे मिचकवा."

"काय?"

"डोळे मिचकवा. जिवंत माणूस आहे की फोटो, ते बघतंय."

रांगेत आठ-दहा बायका. त्यांत दोन विहिणी. बापूंनी सत्तर वर्षांत बाईमाणसासमोर डोळा मिचकावला नव्हता आणि आता सरकारी कामासाठी मिचकावणार नव्हते. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. ॲप म्हणालं, चेहरा दिसत नाही. उघडले, तर टक लावून, स्टँडवर लावतात तसे. ॲपला तो फोटो वाटला. रांग चुळबुळायला लागली. शेवटी काकी पुढे झाल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे बघून मिचकवा. इकडे बघा." बापू काकींकडे वळले, लाजले, आणि मिचकावले गेले. हिरवी खूण आली.

धान्याची पावती निघाली. बापूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि दिव्याखाली धरून वाचली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं. वर काकींचं पूर्ण नाव. बापूंना आपलं नाव सापडेना, म्हणून दुकानदाराने पडद्यावर कार्डच उघडून दाखवलं. पहिल्या ओळीत काकी. बापू खाली, सदस्य म्हणून, आत सरकवलेले. नातं: पती.

"हे कधीपास्नं?" बापूंनी विचारलं.

"झाली की दहा वर्षं," काकी म्हणाल्या. "तुम्ही कधी वाचलं नाय. तांदूळ धरा."

बापूंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि आत तांदूळ पडत असताना दुकानदाराला विचारलं, "यंदा गणपतीला तो आनंदाचा शिधा येणार का नाय?" दुकानदार म्हणाला, वरून काही आलेलं नाही, आलं तर सांगतो.

"हिला सांग," बापू म्हणाले. "कार्ड हिचं हाय."